विहारातून परत आणलेली माती

नागपूरजवळच्या वाडीतल्या आमच्या लेआउटमध्ये कुणाच्या प्लॉटवर जेसीबी उभा राहिला, की घरमालकाच्या आधी शेजाऱ्यांचे बेत सुरू होतात. कुणाला दारासमोरचा खड्डा बुजवायला मुरूम हवा असतो, कुणाला गच्चीवरच्या कुंड्यांत भरायला माती, कुणाला गाडी वर चढवायला उतार करायचा असतो. "ताई, तुमची माती कुठी टाकून राहिल्या?" हा प्रश्न मला खोदकामाच्या कितीतरी आधीपासून, भाजी घेताना, बसच्या रांगेत, एकदा तर दातांच्या दवाखान्यात तोंड उघडं असताना विचारला गेला. पायाची माती इकडे कुणी कचरा समजत नाही. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, अशी रीतच आहे. ठेकेदारालाही ती सोयीची. माती जितकी जवळ खपेल तितकी ट्रॅक्टरची फेरी लहान.

आमच्या पहिल्या दोन ट्रॉल्यांचा निकाल मात्र आईने परस्पर लावून टाकला होता. त्या विहारात जाणार होत्या.

विहार आमच्या प्लॉटपासून हाकेच्या अंतरावर, मागच्या वस्तीत. एक खोली, पुढे पत्र्याचा मांडव, अंगणात कोवळा पिंपळ आणि त्याच्या शेजारी विहीर. नळाला पाणी येतं तोवर त्या विहिरीला कुणी विचारत नाही. एप्रिल-मे लागला, नळ रुसले, की सगळी वस्ती तिच्यावर येते. प्यायला, रांधायला, सगळ्याला तेच पाणी. विहिरीभोवतीची जमीन खचली होती, तिथे चिखल व्हायचा, म्हणून महिला मंडळाने ठरवलं होतं की बुद्ध पौर्णिमेच्या आधी माती टाकून अंगण वर उचलायचं. येत्या रविवारी श्रमदान होतं. आई त्या मंडळात सगळ्यात जुनी. तिने जाहीर करून टाकलं की माती आमच्याकडून, माझ्या बाबांच्या नावाने.

बाबा ट्रक चालवायचे. वाडीच्या गोदामांतून माल भरायचा आणि रायपूर, जबलपूर, कुठे सांगाल तिथे न्यायचा. आम्ही अमरावती रोडला लागून भाड्याच्या एका खोलीत राहत होतो. काटकसर करून त्यांनी हा प्लॉट घेतला तो घर बांधायला, पण त्यावर आधी ट्रक उभा राहिला आणि मग ट्रकच राहिला. ते गेल्यावर ट्रक विकला, प्लॉटवर बाभळी माजल्या. मी सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत कारकून आहे. इतक्या वर्षांनी घर बांधायचं मनावर घेतलं, तर आईची अट एकच होती. पहिली माती काढायची ती ट्रक उभा राहायचा त्या कोपऱ्यातून.

"त्याची जागा आहे ते," ती म्हणाली. "आखी जिंदगी तिथीच तर बसला होता."

योगायोग असा, की नकाशात जमिनीखालची पाण्याची टाकीही त्याच कोपऱ्यात होती. ठेकेदाराला तिथूनच सुरुवात करायची होती. म्हणजे सगळ्यांच्या मनासारखं झालं. असं सगळ्यांच्या मनासारखं व्हायला लागलं की मला धास्ती वाटते, पण त्या दिवशी कचेरीत ऑडिट होतं आणि धास्ती वाटून घ्यायला सवड नव्हती.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी दुपारी प्लॉटवर पोचले, तेव्हा आई लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून महाराणीसारखी बसली होती. दोन्ही ट्रॉल्या सकाळीच विहारात रवाना झाल्या होत्या. जेसीबी गेला होता. ठेकेदार मजुरांना घेऊन जेवायला गेला होता.

"तू असतीस तं पाहिली असतीस," आई म्हणाली. "वरतून सारा मुरूम, पिवळा. आन् फोडल्यावर आंदर काळी कुळकुळीत माती निघाली वं! ठेकेदार म्हणे, काकू, एक नंबर माती आहे, सोनं आहे. म्या म्हटलं, निघनच. माह्या नवऱ्याची जागा होय ते."

विदर्भात काळ्या मातीपुढे कुणाचं डोकं चालत नाही. काळी म्हणजे कसदार, काळी म्हणजे चांगली. कापूस, तूर, संत्रा, सगळं तिच्यावर. शेत नसलेल्या माणसालाही माती काळी निघाली की उगाच श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. त्यामुळे सगळीकडे मुरूम असलेल्या प्लॉटवर एकाच कोपऱ्यात काळी माती कशी, असा प्रश्न आईला पडला नाही, ठेकेदाराला पडला नाही, ट्रॅक्टरवाल्यालाही पडला नाही.

मला प्रश्न नाही पडला, वास आला. डिझेलचा. आधी वाटलं जेसीबी गळत असणार. माझा स्वभाव आधी रागावण्याचा आणि मग विचार करण्याचा. ठेकेदाराला चार शब्द सुनवायचे म्हणून मी मनात वाक्यंही जुळवली. पण जेसीबी जाऊन वेळ झाला होता, वारा होता, आणि वास कमी व्हायच्या ऐवजी खड्ड्याकडे जावं तसा वाढत होता. काठाशी काळ्या मातीची ढेकळं पडली होती. एक उचललं. ते फुटलं नाही, बोटांना चिकटलं. घाईने झटकलं तर धूळ दबवायला भरून ठेवलेल्या बादलीत पडलं.

आणि पाण्यावर रंग पसरले. निळा, जांभळा, हिरवट. पेट्रोलपंपावर पावसाच्या डबक्यात दिसतात तसे.

मी बादलीकडे बघत राहिले आणि मला बाबांचे पाय दिसले. रविवारची सकाळ, ट्रकखालून बाहेर आलेले दोन पाय, आणि ट्रकच्या पोटातून खड्ड्यात पडणारी जाड काळी धार. ते ट्रकचं ऑइल तिथेच बदलायचे. एक उथळ खड्डा करून ठेवला होता, त्यात जुनं तेल सोडायचं. कधी डिझेलही सांडायचं. पुढच्या रविवारपर्यंत खड्डा कोरडा. "जमीन पिऊन घेते," असं ते म्हणायचे. वाडीत सगळे हेच करायचे, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. जमिनीने ते प्यायलं नव्हतं, जपून ठेवलं होतं. वर धूळ आणि मुरूम साचला आणि आम्ही विसरलो.

ती माती आता विहिरीच्या काठाशी होती.

प्लॅन काढून देणाऱ्या इंजिनीअरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पसरवली का?"

"नाही, ढीग आहे. रविवारी पसरवणार."

"मग आजच उचला. पाऊस आला तं ढिगातून तेल झिरपते, अन् विहीर जवळ आहे म्हणता. खालची जमीनपण थोडी खरवडून घ्या. उघड्या हातानं नको, हातमोजे अन् गमबूट. चांगल्या मातीत मिसळू नका, कुठं फेकू नका, कोणाले देऊ नका. प्लॉटवर जाड प्लास्टिक अंथरून त्याच्यावर ठेवा, खड्ड्याच्या काठापासून लांब, अन् ताडपत्रीनं झाका. पुढचं मी पाहतो. विहिरीचं पाणी तपासेपर्यंत बंद ठेवा."

मी वर पाहिलं. कोराडीच्या बाजूला आभाळ भरून येत होतं. एप्रिलमध्ये नागपूरला दुपारी भाजून काढणारं ऊन आणि संध्याकाळी गारा, हे काही नवीन नाही.

आईला सांगितलं. मला वाटलं होतं ती घाबरेल. ती भडकली.

"दान वापस मागाचं? विहारातून? तुले समजते का काय बोलून राहिली ते?"

"आई, विहीर आहे तिथी. पोरंसोरं पाणी पितात."

"इतके वर्स झाले, काही तेलबिल राहते का? काळी माती आहे ते. ठेकेदार सोनं म्हणे."

"ठेकेदार काहीही म्हणते!"

"त्याच्या नावानं देल्ली म्या." आता तिचा आवाज चढला. "चार बायांत सांगून देल्ली. आता काय सांगू? माह्या नवऱ्याची माती खराब निघाली म्हणून? जिता होता तवा कोणाचं वाईट नाई केलं त्यानं, आन् मेल्यावर त्याले खराब म्हणाले जाऊ?"

यावर मी शांतपणे समजावायला हवं होतं. मी बादली उचलली आणि तिच्या पुढ्यात आदळली. पाणी तिच्या साडीवर उडालं. "घे, वास घे," म्हटलं. "मग सांग."

आईने माझ्याकडे रागाने पाहिलं. मग वाकली. तिने दोन बोटं पाण्यात बुडवली, अंगठ्यावर चोळली आणि नाकाशी नेली.

"हा तं त्याच्या आंगीचा वास आहे," ती म्हणाली.

बाबांचे शर्ट ती वेगळे भिजवायची, हे मला ठाऊक होतं. सोडा घालून, उकळत्या पाण्यात, मग दगडावर आपटून. दोरीवर वाळत घातले तरी जवळून गेलं की वास यायचा. आम्ही बहीणभाऊ त्यावरून बाबांना चिडवायचो, शाळेत आमच्या दप्तराला वास येतो म्हणून रुसायचो. आई ते पुन्हा भिजवायची.

"त्याच्या आंग्या धुऊ धुऊ माहे हात फाटले," ती म्हणाली. "हा वास निंघत नाई. कपड्यातून नाई निंघाला, तं विहिरीतून कसा निंघन?"

ती उठली. पदर खोचला. चपला शोधायला लागली.

"तू नको येऊ, ऊन आहे. मी सांगते त्यांना," मी म्हटलं. आता मलाच तिची दया आली होती.

"दान म्या देल्लं. वापस म्याच मांगन. तू ट्रॅक्टर आण."

ट्रॅक्टरवाला अजून चौकातच होता. अमरावती रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानातून हातमोजे, जाड प्लास्टिक आणि ताडपत्री घेतली आणि आम्ही विहारात पोचलो, तेव्हा पौर्णिमेच्या तयारीसाठी मंडळाच्या बाया मांडवात जमल्या होत्या. विहिरीच्या काठाशी तो ढीग. त्यावर दोन पोरं घसरगुंडी खेळत होती, पायांना काळं फासलेलं. ते पाहून माझा उरलासुरला धीर गेला आणि मी पोरांवर अशी ओरडले, की मांडवातल्या सगळ्या माना वळल्या.

मग आई पुढे झाली. ती कधी सभेत बोललेली मी पाहिली नव्हती. वंदनेला मागे बसायची.

"बायाहो," ती म्हणाली, "माती वापस न्याची आहे. त्याच्यात टरकचं तेल आहे. माहा नवरा तिथी तेल सोडे. आमाले ध्यानात नाई राह्यलं. विहिरीत उतरलं तं आपलेच लेकरं पितीन. म्या देल्ली, म्याच मांगून राह्यली. रागावसान तं मले रागवा, त्याले नका रागवू."

मी मेल्याहून मेल्यासारखी उभी होते. मंडळाच्या अध्यक्षबाई, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, तोंडाने मोठ्या फटकळ. त्या उठल्या, ढिगापाशी गेल्या, वाकून वास घेतला.

"होय वं," त्या म्हणाल्या. "म्हणजे सकाळपासून आमी दोन ट्रॉल्या डिझेल घेऊन बसलो आन् एकीलेही समजलं नाई! गाडीत टाकलं असतं तं दीक्षाभूमीपर्यंत जाऊन आलो असतो."

आधी एक हसली, मग सगळ्या. आईसुद्धा हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या हसण्यातच ओरडले, "कोणी उघड्या हातानं हात लावू नका!"

मग सगळ्या लागल्या कामाला. हातमोजे होते तेवढ्याच बाया फावडी-घमेली घेऊन ढिगाशी, बाकीच्यांनी विहिरीच्या तोंडावर पौर्णिमेसाठी आणलेलं मांडवाचं कापड बांधलं. पोरांना नळाच्या साठवलेल्या पाण्याने साबण लावून घासलं, दोनदा. ती कोकलत होती. एक सूनबाई खाली मान घालून घरातून गोडनिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची, अख्खी कुंडी उचलून घेऊन आली. सकाळी सगळ्यांच्या आधी तिने त्यात ती "सोन्यासारखी" माती भरली होती. "पानं तोडली का वं?" अध्यक्षबाईंनी विचारलं. नव्हती तोडली. कुंडीतली माती ट्रॉलीत गेली, गोडनिंब बिचारा पुन्हा नर्सरीच्या पिशवीत.

ढीग उचलल्यावर खालची जमीन खरवडली, वास येईनासा होईपर्यंत. वास घ्यायचं काम आईकडे. ती दर थोड्या वेळाने वाकायची, चिमूट उचलायची, तूप विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकासारखी नाकाशी धरायची. "आणखीन," म्हणायची. बायांची कंबर मोडली तरी ती "आणखीन" म्हणत राहिली. शेवटी एकदाची म्हणाली, "बस."

शेवटची ट्रॉली प्लॉटवर रिकामी केली, ताडपत्रीच्या कडांवर विटा ठेवल्या, आणि टपोरे थेंब सुरू झाले. मग गारा. आम्ही दोघी आणि ट्रॅक्टरवाला शेजारच्या गोदामाच्या छपराखाली उभे राहिलो. ताडपत्रीवर गारा ताडताड वाजत होत्या आणि तिच्याखालची माती कोरडी होती. उन्हाळ्यातला पाऊस मला इतका प्रेमाने बघावासा कधी वाटला नव्हता. तासभर उशीर झाला असता तर, हा विचार मी एकदा केला आणि पुन्हा करायचा नाही असं ठरवलं.

इंजिनीअरांनी विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासायला नेला. अहवाल येईपर्यंत विहीर बंद, टँकर बोलवायचा तो आम्ही बोलवायचा, हे आईने कुणी न विचारताच सांगून टाकलं. टँकर आला की ती तिथे उभी. कुणाची गुंडी-कळशी आधी, कुणाची नंतर, यावर भांडणं सोडवायची. घरी आली की जेवायची नाही. "पाण्याचं काय झालं?" एवढंच. मी कचेरीतून दिवसातून इतक्या वेळा इंजिनीअरांना फोन केला, की त्यांनी एकदा उचलून सरळ "नाही आला अजून" एवढं म्हणून ठेवून दिला.

अहवाल आला तो दुपारी, मी डबा उघडत असताना. "मॅडम, पाणी साफ आहे. तेलाचा अंश नाही. पिऊ द्या बिनधास्त." जीव भांड्यात पडणे म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी समोरच्या साहेबांना काही कारण नसताना माझ्या डब्यातला लाडू दिला. आईला फोन केला, तर ती "बरं" म्हणाली आणि ठेवला. मी चिडले. इतके दिवस जीव खाल्ला आणि नुसतं बरं? संध्याकाळी शेजारणीने सांगितलं, फोन ठेवून ती तशीच, अनवाणी, विहारात पळत गेली होती.

आमच्या कोपऱ्यातली उरलेली काळी माती पुढच्या दिवसांत वेगळी खोदून काढली, पिवळा स्वच्छ मुरूम लागेपर्यंत. तिथे पाण्याची टाकी होणार होती, म्हणजे आम्ही आमच्याच प्यायच्या पाण्याला बाबांच्या तेलात बसवणार होतो. टाकी दुसऱ्या टोकाला हलवली. अशी माती रीतसर घेऊन तिची विल्हेवाट लावणारं ठिकाण बुटीबोरीकडे आहे, ते इंजिनीअरांनी शोधलं. झाकलेल्या ट्रकमधून ती तिकडे गेली. खर्च आला, ठेकेदार कुरकुरला, मी त्याला जेसीबीसाठी जुळवून ठेवलेली वाक्यं ऐकवली आणि मला फार बरं वाटलं. चांगला मुरूम मागणाऱ्यांना वाटला. विहारालाही दिला, पण आता प्रत्येक ट्रॉली आईच्या नाकाखालून गेल्याशिवाय हलत नव्हती.

पौर्णिमेला विहारात खीरदानाला गर्दी होती. खीर त्या विहिरीच्याच पाण्यात शिजली होती. वंदना झाल्यावर अध्यक्षबाई दान देणाऱ्यांची नावं सांगायला उभ्या राहिल्या. कुणी तांदूळ, कुणी दूध, कुणी पंखा. आई माझ्या शेजारी मागे बसली होती. तिने आधीच बजावून ठेवलं होतं की आमचं काही सांगू नका, मुरुमाचंही नाही. मला ती पदराच्या टोकाशी चाळा करताना दिसत होती. तिला बाबांचं नाव ऐकायचं होतं आणि त्या नावावर कुणी हसू नये असंही वाटत होतं.

अध्यक्षबाईंनी आईचं ऐकलं नाही. त्यांनी बाबांचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

"याईच्या नावानं," त्या म्हणाल्या, "याईच्या घरच्या बाईनं देल्लेली माती वापस नेली. आपली विहीर राह्यली. या दानाचं पुण्यानुमोदन करू."

सगळा विहार अनुमोदनाचं "साधू" म्हणाला, तीन वेळा. आईने पहिल्या दोनदा नुसते ओठ हलवले. तिसऱ्यांदा मात्र ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की पुढे बसलेल्या बायांनी वळून पाहिलं.